भिंतीपलीकडची चौकशी

एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. लालबागच्या एका माणसाने रीतसर परवाना काढून आमच्या दुकानातून बंदूक विकत घेतली. परवाना खरा असल्याचे कचेरीचे पत्रही आले. त्यानंतर सव्वीस दिवस ती बंदूक त्याच्या हाती पडली नाही आणि त्यापायी त्याची मिळणारी नोकरी गेली. या सव्वीस दिवसांपैकी किती दिवस आमच्या हेडक्लार्कांचे होते, हा तो प्रश्न.

ते स्वतः शेवटपर्यंत "सगळे माझे" असेच सांगत राहिले. मला ते उत्तर तेव्हाही पटले नव्हते. परंतु न पटणे म्हणजे उत्तर नव्हे. म्हणून आधी हा गृहस्थ कसा होता ते सांगते आणि मग मोजणी मांडते. त्यांचे नाव देत नाही, कारण त्यांचे भाचे गिरगावात राहतात आणि त्यांना मी विचारलेले नाही.

दुकान धोबीतलावाच्या बाजूला होते. मी तिथे टायपिस्ट होते. पुढे शाळेत शिक्षिका झाले, पण ती नंतरची गोष्ट. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. दुकानात आम्ही चौघे: मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, दादरहून येणारा एक विक्रेता, ज्याची जीभ फार सैल होती, मी, आणि हेडक्लार्क. ते मुंबईच्या जुन्या कारकुनी घराण्यातले होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि बाराही महिने हातात छत्री. पन्नाशी उलटलेली. लग्न केलेले नव्हते. चष्मा होता, पण तो पाजण्याच्या दगडासारखा जाड होता आणि त्यातूनही त्यांना चार फुटांपलीकडचे अक्षर लागत नसे. ही गोष्ट दुकानात सर्वांना ठाऊक होती, आणि ती पुढे महत्त्वाची आहे.

बंदुकांच्या दुकानात तीस वर्षे काढून त्यांनी आयुष्यात एकदाही गोळी झाडली नव्हती. बंदूक उचलायची झाली तर ते हातरुमाल गुंडाळून उचलत. सकाळी आल्याबरोबर काचेच्या कपाटातल्या सगळ्या बंदुका तपासून ज्यांची नळी रस्त्याकडे वळलेली असेल त्या भिंतीकडे वळवून ठेवत. विक्रेता दुपारी पुन्हा त्या रस्त्याकडे करी, कारण गिऱ्हाइकाला नळी दिसली पाहिजे असे त्याचे मत. हा खेळ रोज चाले.

"अहो, रिकाम्या आहेत त्या," विक्रेता म्हणे.

"हे मला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या माणसाला कुठे ठाऊक आहे?"

बंदूक विकत घेणे म्हणजे छत्री विकत घेणे नव्हे, हे नव्या वाचकासाठी सांगायला हवे. आधी अर्ज करायचा. मग पोलीस घरी येऊन चौकशी करणार आणि शेजारीपाजारी दोघांना विचारून हरकत नसल्याचा शेरा मारणार. मग परवाना. परवाना घेऊन माणूस दुकानात आला आणि त्याने बंदूक पसंत केली, तरी आम्ही ती लगेच देत नसू. परवाना खरा आहे ना, असे परवाने देणाऱ्या कचेरीला पत्र टाकून विचारायचे आणि उत्तर आल्यावर बंदूक द्यायची, ही आमच्या दुकानाची पद्धत होती. या पत्राला कधी आठवडा लागे, कधी तीन. तोवर गिऱ्हाईक फेऱ्या मारी आणि हेडक्लार्क त्याला सांगत, "उद्या या." या दोन शब्दांवरून विक्रेत्याने त्यांचे नावच 'उद्यासाहेब' ठेवले होते. ते त्यांच्या कानांवर आलेले होते. त्यांनी एवढेच म्हटले, "वाईट नाही. 'आजसाहेब' म्हणवून घ्यायची माझी छाती नाही."

एकदा मोटारीतून एक बडे गृहस्थ आले. त्यांची अलिबागकडे आंब्याची बाग होती आणि तिच्यात रानडुकरे शिरत होती. तिसऱ्या फेरीला त्यांचा तोल गेला.

"तुम्ही उद्या या, उद्या या म्हणता. तिथे डुकरं माझी कलमं उकरतायत, त्यांना काय सांगू?"

"त्यांनाही उद्या या म्हणून सांगा," हेडक्लार्क म्हणाले. विनोद केल्याचा भाव चेहऱ्यावर मुळीच नव्हता. गिऱ्हाइकाचा चहा ते बंदूक देण्याआधी कधी घेत नसत. गृहस्थांनी मागवलेला पेला टेबलावर निवत राहिला.

मला कामाची शिस्त त्यांनी लावली. चौकशीचे टिपण दोन शाईंत लिहायचे. प्रत्यक्ष पाहिले किंवा ऐकले ते निळ्या शाईत. आपल्याला वाटले ते तांबड्या. "बाई, तुमचं हे वाक्य कुठल्या शाईतलं?" असे ते पानावर बोट ठेवून विचारत. 'गृहस्थ सज्जन दिसले' असे मी एकदा निळ्या शाईत लिहिले होते. "सज्जन दिसत नाही, बाई. टोपी दिसते, दाढी दिसते," असे म्हणून त्यांनी ते वाक्य मला पुन्हा तांबड्यात लिहायला लावले. पुढे पस्तीस वर्षे मी मुलांकडून प्रयोगाच्या वह्या याच रीतीने लिहून घेतल्या.

कसली चौकशी, असे कोणी विचारील. पोलिसांची चौकशी झालेली आणि कचेरीचे पत्र आलेले असताना दुकानाच्या कारकुनाने आणखी काय विचारायचे? कायद्याने काहीच नाही. ही त्यांची स्वतःची पायरी होती. खातरजमेचे पत्र आले की पुढच्या रविवारी ते गिऱ्हाइकाच्या राहत्या जागी जात आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला गाठत.

"पोलीस विचारतात समोरच्या वाण्याला," ते म्हणत. "वाण्याला गिऱ्हाईक दिसतं. माणूस भिंतीपलीकडच्याला ऐकू येतो."

चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. भिंत तीच, खुंट्या दोन्हीकडून ठोकलेल्या. कोण किती वाजता खोकतो, कोणाकडे रडारड चालते, हे शेजारच्याला माहीत असतेच; तो ते सहसा बोलत नाही, एवढेच. त्यांनी यासाठी एक नियम केला होता. गिऱ्हाइकाचे नाव कधी उच्चारायचे नाही. नाव घेतले की माणूस एक तर स्तुती करतो, नाही तर जुना राग काढतो. शिवाय बंदुकीची बातमी चाळभर होते. म्हणून खोली बघायला आल्याचे सांगायचे आणि शेजार कसा आहे एवढेच विचारायचे. या कामी त्यांना बाईमाणूस लागे, कारण नळावरच्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नसत. म्हणून रविवारी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. माझ्या आईला ते प्रथम विचारून गेले होते.

वाईट ऐकू आले तर बंदूक लगेच नाकारायची नाही, हाही नियमच. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे. "भांडण ताजं असलं की शेजारी खोटं बोलत नाही, पण जास्त बोलतो," असे त्यांचे म्हणणे. शेठना हा सारा प्रकार पसंत नव्हता. परंतु तीस वर्षांत दुकानावर एकही बालंट आले नव्हते, म्हणून ते गप्प बसत.

या वेडाचे मूळ मला एकदाच कळले. परळकडे जाणाऱ्या ट्राममध्ये त्यांनी आपण होऊन सांगितले. फार वर्षांपूर्वी माहीमच्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांनी पत्र आले त्याच दिवशी बंदूक दिली होती. बोलणे मऊ, कपडे स्वच्छ, कागद चोख. पाचव्या दिवशी त्या गृहस्थांनी ती स्वतःवर चालवली. हेडक्लार्क समाचाराला गेले. शेजारच्या खोलीतली म्हातारी त्यांना म्हणाली, "महिनाभर रडत होते हो. आम्हांला रोज ऐकू यायचं. पण आम्हांला विचारलं कोणी?"

हे सांगून झाल्यावर त्यांनी तिकीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवले.

आता त्या सव्वीस दिवसांकडे येते.

तो माणूस मूळचा मालवणकडचा. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला; दुकानात सगळे त्याला हवालदारच म्हणत. पाय किंचित अधू होता. लालबागला एका खाजगी चाळीत राहत होता. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत त्याला रखवालदाराची जागा मिळत होती, पण अट अशी की बंदूक स्वतःची आणि परवान्याची हवी. वखारवाल्याने जानेवारीअखेरची मुदत दिली होती. नंतर दुसरा माणूस.

हवालदार डिसेंबरात येऊन बंदूक पसंत करून गेले. मग जवळजवळ रोज येत. बाकावर बसत नसत, उभे राहत.

"साहेब, माका खरा काय ता सांगा," ते म्हणाले. "वखारीचो शेठ म्हणता, बंदूक हाड, मगे गेटार बस. नाय गावली तर माका लाकडा उचलूक लागतली. ह्यो पाय घेवन ता जमाचा नाय."

"पत्र आलं की बघू, हवालदार. उद्या या."

"उद्या येतंय," हवालदार म्हणत, आणि खरोखरच येत.

जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी कचेरीचे पत्र आले. विक्रेता म्हणाला, "द्या हो देऊन. फौजी माणूस आहे, बंदूक तुमच्या-माझ्यापेक्षा बरी ओळखतो." हेडक्लार्क म्हणाले, "परवा रविवार आहे." शुक्रवार आणि शनिवार असे गेले.

रविवारी सकाळी आम्ही लालबागला उतरलो. परवान्यावर पत्ता होता: दुसरा मजला, खोली नंबर सतरा. चाळीला दोन जिने होते आणि मधला बोळ अंधारा. दोऱ्यांवर लुगडी वाळत होती. हेडक्लार्क दोन पावले मागे थांबले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "बाई, दारावरचा आकडा वाचा."

मी वाचला. एका दारावर काळ्या डांबरी रंगात ठळक सतरा होता. मी तसे सांगितले.

शेजारच्या खोलीत एक बाई तांदूळ निवडत होती. मी ठरलेले बोलले. भावासाठी खोली हवी आहे, बाजूची रिकामी होणार असे ऐकले, शेजार कसा आहे?

"शेजार?" तिने हातातले सूप खाली ठेवले. "रिकामी झाली तर देवच पावला म्हणायचा. बायकोला मारतो तो. ह्या इथं, ह्या भिंतीवर डोकं आपटतं तिचं. माझ्या फळीवरची भांडी हलतात. परवा म्हणत होता, एक दिवस जीव घेईन. आणि घेईल हो, बघा तुम्ही."

मी मागे वळून पाहिले. हेडक्लार्क छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली आणि आम्ही जिना उतरलो. ते टिपण पूर्ण निळ्या शाईत लिहिले गेले. तांबड्या शाईला त्यात जागाच नव्हती.

सोमवारी हवालदार आले. "पंधरा दिवस लागतील," हेडक्लार्क म्हणाले. कारण सांगितले नाही. कारण सांगायचे नाही, हाही नियम होता. हवालदारांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "म्हणजे म्हयनो सरूच्या आधी गावतली." हेडक्लार्कांनी होकार दिला. ती मोजणी तेव्हा बरोबर होती.

पुढच्या सोमवारी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी सर्वत्र पसरली आणि गिरगाव, परळ, लालबाग रस्त्यावर आले. मंगळवारी शस्त्रांची दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम आला. शेठनी कुलूप घातले आणि किल्ल्या कचेरीत जमा केल्या. संचारबंदी लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भर दुपारी गोळीबार झाला. तो थांबल्यावर मी शेजारच्या वाडीत हेडक्लार्कांची विचारपूस करायला गेले. ते खिडकीपाशी बसलेले होते. दुकानाचे कागद घरी नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून एका कोऱ्या कागदावर त्यांनी तारखा लिहिल्या होत्या.

"बाई," ते म्हणाले, "एका बंदुकीसाठी आपण भिंतीपलीकडे जाऊन विचारतो. आज दुपारी इतक्या सुटल्या. यांची चौकशी कोणी केली असेल?"

पंधरा दिवसांनंतरची दुसरी फेरी ज्या रविवारी व्हायची होती, तो संचारबंदीत गेला. लालबागला पोचणे शक्यच नव्हते. हुकूम महिनाअखेरपर्यंत टिकला.

एक फेब्रुवारीला दुकान उघडले. पहिले गिऱ्हाईक हवालदारच होते. या वेळी ते बाकावर बसले.

"आता नको ती," ते म्हणाले. "जागा गेली. दुसरो माणूस बसलो गेटार. माका वखारीतच लाकडा रचूक घेतल्यान."

तेव्हा हेडक्लार्कांनी आपला नियम मोडला. "हवालदार, राग मानू नका. घरी भांडणतंटा असतो का?"

"घरी?" हवालदारांना प्रश्नच समजला नाही. "घरी कोण आसा भांडूक? बायल आणि पोरगी गावाक. दोन वर्सां झाली. मी एकटोच आसंय."

विक्रेता पुढे नळ्या पुसत होता, त्याचा हात थांबला. मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही.

त्या रविवारी आम्ही पुन्हा लालबागला गेलो. तीच चाळ, तोच बोळ. लुगडी मात्र त्या दिवशी काढलेली होती. दाराच्या चौकटीवर, डांबरी आकड्याच्या वर, चाळीच्या मालकाने ठोकलेली लहान पत्र्याची पट्टी होती. हेडक्लार्क अगदी नाक टेकेपर्यंत जवळ गेले आणि त्यांनी हातरुमालाने ती पुसली. तिच्यावर बारा हा आकडा होता. डांबरी आकडे खानेसुमारीच्या लोकांनी घरे मोजताना सरसकट ओढलेले होते. भाडेपावती, परवाना, पोस्ट, सगळे चालत होते ते पत्र्यावरच्या आकड्याने. पोलीस शिपायाला हे माहीत होते. मला माहीत नव्हते. गिरगावात आमच्या स्वतःच्या दारावरही असे दोन आकडे होते आणि मी त्यांतला एक कधी पाहिला नव्हता.

खरी सतरा नंबरची खोली दुसऱ्या जिन्याच्या बाजूला होती. भिंतीपलीकडे एक म्हातारे गिरणीकामगार राहत. त्यांना नाव न घेता विचारले. "शेजार ना? पहाटे दंडबैठकांचा आवाज येतो," ते म्हणाले. "बाकी माणूस आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही."

आम्ही परत निघालो. जिन्याशी हेडक्लार्क थबकले.

"बाई, त्या बाराव्या खोलीतल्या बाईचं काय?"

खरे सांगायचे तर, ती चूक कळल्यापासून त्या बाईचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आम्ही जे ऐकले होते ते खरेच होते. फक्त ते बंदुकीच्या अर्जाशी संबंधित नव्हते, आणि म्हणून आमच्या दृष्टीने ते संपले होते.

ते पुन्हा वर गेले. बाराव्या खोलीचे दार वाजवले. एका आडव्या अंगाच्या माणसाने दार उघडले. "काय पायजे?"

"काही नाही. मी दर रविवारी इथे येणार आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"कशाला?"

"चौकशीला."

तो माणूस त्यांना वरपासून खालपर्यंत बघत राहिला. कोट, काळी टोपी, छत्री. सरकारी माणूस असावा, असा त्याने समज करून घेतला असेल. हेडक्लार्कांनी तो दूर केला नाही. त्यानंतर त्यांची प्रकृती साथ देत होती तोवर, कित्येक महिने, ते दर रविवारी त्या बोळात अर्धा तास उभे राहत. कोणाशी बोलत नसत. तांदूळ निवडणारी ती बाई मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमचे ते म्हातारे येतात ना, त्या दिवशी भांडी हलत नाहीत. सोमवारचं मी काही सांगत नाही."

हवालदारांसाठी त्यांनी काय केले तेही लिहायला हवे. ते वखारवाल्याकडे गेले आणि चूक आपली असून हा माणूस निर्दोष आहे, असे सांगून आले. वखारवाल्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि नव्या रखवालदाराला काढायला कारण नाही असे सांगितले. त्याचे म्हणणे चूक होते असे मला म्हणता येत नाही.

मे महिन्यात वखारीतली ओंडक्यांची रास घसरली. बाकीचे तिघे बाजूला उडी मारून वाचले. हवालदारांचा अधू पाय वेळेवर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते इस्पितळात वारले.

त्यांची बायको गावाहून आली. आम्ही सतरा नंबरच्या खोलीत गेलो तेव्हा ती चटईवर बसली होती आणि तिच्या मांडीजवळ एक पत्र्याची पेटी उघडी होती. हेडक्लार्कांनी टोपी काढली. मी त्यांना बोडक्या डोक्याने त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "तुमच्या यजमानांना बंदूक मिळायला उशीर झाला. तो माझ्यामुळे झाला. हे तुम्हांला माहीत असावं म्हणून आलो."

तिने ते ऐकले की नाही, कळले नाही. पेटीतून तिने परवान्याचे पुस्तक काढले.

"ह्या माझ्याकडे ऱ्हवला तर माका कोण पकडूचो नाय मां?" तिने विचारले.

"नाही, बाई," ते म्हणाले. "द्या माझ्याकडे. मी जमा करतो."

परवाना जमा करताना कचेरीने विचारले, बंदूक घेतली असताना ताब्यात का दिली गेली नाही? शेठनी लेखी खुलासा मागितला. हेडक्लार्कांनी तो मला सांगितला आणि मी टाइप केला. चौकशीची चूक, पंधरा दिवसांचा नियम, दुकानबंदी, सगळे त्यात क्रमाने होते. मग पुढचे वाक्य आले: "खोलीच्या दारावरील आकडा मी स्वतः वाचला. विलंबाच्या सव्वीसही दिवसांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे."

माझी बोटे थांबली.

"बाई, थांबू नका. रिबन वाळते," ते म्हणाले.

"साहेब, आकडा मी..."

"खुलासा माझा आहे. तुमचा मागितलेला नाही."

शेठनी तो वाचला. ज्याला चार फुटांवरचे दिसत नाही त्याने अंधाऱ्या बोळात आकडा कसा वाचला, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि सही केली. दुकानातली रविवारची चौकशी त्या दिवसापासून बंद झाली. यानंतर पत्र आले की त्याच दिवशी हेडक्लार्क बंदूक देत. देताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे ते बघत नसत. विक्रेत्याने त्यांना पुन्हा कधी उद्यासाहेब म्हटले नाही. कपाटातल्या नळ्याही त्याने परत रस्त्याकडे वळवल्या नाहीत.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. मी त्यांना गिरगावातली रोषणाई दाखवायला नेले. कोणत्या रंगाचे दिवे आहेत, असे ते प्रत्येक कमानीशी विचारत होते आणि मी सांगत होते. माझ्या सांगण्यावर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही. दुसऱ्या वर्षी ते वारले.

आता मोजणी. खुलाशाची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. पत्र आले तो शुक्रवार आणि दुसऱ्या दिवशीचा शनिवार, हे दोन दिवस त्यांनी रविवारसाठी राखून ठेवले. हे त्यांचे. रविवारी मी आकडा वाचला. बरोबर वाचला असता तर सोमवारी सकाळी बंदूक हवालदारांच्या हातात असती. तो रविवार धरून दुकानबंदीच्या आदल्या सोमवारपर्यंत नऊ दिवस होतात. हे माझे. मंगळवारपासून महिनाअखेरपर्यंत पंधरा दिवस हुकुमाचे. दोन, नऊ आणि पंधरा मिळून सव्वीस. रविवार मी वगळलेले नाहीत, कारण वखारवाल्याने ते वगळले नव्हते. हुकुमाचे पंधरा दिवस वेगळे काढले आहेत खरे. पण माझे नऊ दिवस नसते तर ते पंधरा आडवे आलेच नसते, हेही नोंदवते. त्यांचा पंधरा दिवसांचा नियम नसता तर माझी चूक आठवडाभरात उघडी पडली असती काय, याचे उत्तर मला देता आलेले नाही.

वार आणि तारखा १९५६ सालच्या त्या जानेवारीच्या कोणत्याही जुन्या दिनदर्शिकेत मिळतील. दुकाने कधी बंद झाली व कधी उघडली, ते मी त्या महिन्याच्या वर्तमानपत्रांवरून लावले आहे. ती ग्रंथालयात बसून पाहता येतात. माझी नजरही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. वाचकांनी ही मोजणी कृपया स्वतः तपासून पाहावी, आणि तपासताना माझ्या नऊ दिवसांपासून सुरुवात करावी.